विश्लेषण : ‘मे आय कम इन, सर?’ जहाजावर का चालत नाही?

दहावी-बारावीचे निकाल लागले की रेवस, बोडणी, मांडवा, करंजा या पट्ट्यातल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो : मुलाला जहाजावर पाठवायचे का? मासेमारीवर घर चालेल याची खात्री राहिलेली नाही. रेवस-करंजा पूल उभा राहिला की खाडीतल्या लाँचवरचा रोजगारही आजच्यासारखा उरणार नाही. समोरून मुंबई आणि जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारी जहाजे मात्र रोज दिसतात. त्या जहाजावर चढताना पोहता येते का, घरात दर्यावर्दी परंपरा आहे का, याच्याआधी विचारले जाते ते इंग्रजी. हे इंग्रजी कोणते, त्याची परीक्षा कशी होते आणि सराव नेमका कशाचा करायचा, याविषयी…

३५ आणि ४० यांच्यातले अंतर

व्यापारी जहाजावर खालच्या पायरीवरून शिरण्याचा मार्ग म्हणजे ‘जीपी रेटिंग’, सर्वसाधारण खलाशाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम. नौवहन महासंचालनालयाच्या, म्हणजे बोलण्यातल्या डीजी शिपिंगच्या नियमांनुसार त्यासाठी उमेदवार दहावी उत्तीर्ण हवा, विज्ञान, गणित व इंग्रजी हे विषय हवेत, आणि इंग्रजीत दहावीला किंवा बारावीला किमान ४० टक्के गुण हवेत. अधिकारी होण्यासाठी बारावीनंतर जे अभ्यासक्रम आहेत, त्यांना इंग्रजीची अट ५० टक्क्यांची आहे. शिवाय इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सामाईक प्रवेश परीक्षा असते. तिच्यात गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि सामान्य कल यांच्या जोडीला इंग्रजीचेही बहुपर्यायी प्रश्न असतात.

इथेच अनेक जण अडकतात. राज्य मंडळात उत्तीर्ण व्हायला ३५ गुण पुरतात आणि ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मुळे सर्वांत कमी गुणांचा विषय टक्केवारीतून गळतो. त्यामुळे एकूण ७० टक्के मिळवणाऱ्या मुलाच्या गुणपत्रिकेत इंग्रजीचे ३७ गुण असू शकतात. पेढे वाटले जातात. जहाजाच्या अर्जाच्या वेळी मात्र ते तीन गुण आडवे येतात. मराठी माध्यमातही २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. दहा वर्षांच्या शिक्षणानंतर तीन गुणांसाठी दार बंद व्हावे, ही गोष्ट त्या मुलाइतकीच शाळेनेही मनावर घ्यायला हवी. बारावीला इंग्रजीत पुरेसे गुण मिळवणे किंवा श्रेणीसुधार योजनेतून पुन्हा परीक्षा देणे, असे मार्ग उरतात. पण त्यात वर्ष-दोन वर्षे जातात आणि रेटिंगसाठी वयाची मर्यादा २५ वर्षांची आहे.

जहाजावर इंग्रजीच का?

एकाच जहाजावर कप्तान युक्रेनचा, इंजिनीअर केरळचा, खलाशी फिलिपिन्सचा आणि सुकाणूवर रायगडचा, असे आज सर्रास असते. समुद्रावरील जीवसुरक्षेच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणानुसार जहाज आणि जहाज, तसेच जहाज आणि किनारा यांच्यातील सुरक्षेविषयक संवादासाठी इंग्रजी ही कामाची भाषा आहे. खलाशांचे प्रशिक्षण ठरवणारा ‘एसटीसीडब्ल्यू’ करार १९७८चा. पहाऱ्यावरच्या साध्या खलाशालाही इंग्रजीतून दिलेल्या आज्ञांनुसार जहाज चालवता आले पाहिजे, अशी अट त्यात आहे.

हे चित्र नेहमी असेच नव्हते. थॉमस रोबक या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८११ मध्ये इंग्रजी-हिंदुस्थानी नौकानयन कोश तयार केला, तो गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी. खलाशांना आज्ञा द्यायची तर त्यांची लष्करी बोली शिका, असा तेव्हाचा हिशेब होता. सारंग आणि तांडेल हे शब्द ‘सेरांग’ आणि ‘टिंडल’ बनून इंग्रजीत गेले. आता शिकण्याची पाळी उलटली आहे.

रेवसकरांना समुद्रावरच्या संवादाचे मोल वेगळे सांगायला नको. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तो अपघात वादळी समुद्राचा होता, भाषेचा नव्हे. पण बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे मुंबईला बातमी कळायलाच काही तास गेले. पुढे यंत्रे आली. यंत्र असले तरी बोललेले समजले पाहिजे, हा त्यापुढचा प्रश्न. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ यांची टक्कर झाली, तेव्हा रेडिओवरचा संवाद कुठे तुटला याची चर्चा बरीच झाली. शेकडो टन तेल समुद्रात गेले, कंटेनर वाहत उरण-अलिबागच्या किनाऱ्याकडे आले आणि मासळीला गिऱ्हाईक मिळेनासे झाले.

‘मे’ला मनाई कशासाठी?

एप्रिल १९९० मध्ये ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या प्रवासी जहाजाला आग लागली आणि दीडशेहून अधिक लोक दगावले. कर्मचाऱ्यांचे एकमेकांशी आणि प्रवाशांशी बोलणेच होत नव्हते, हे त्यातले एक ठळक कारण ठरले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजावरच्या बोलण्यासाठी ठरावीक वाक्यांचा संच तयार करायला घेतला. २००१ मध्ये स्वीकारलेल्या या संचाला ‘स्टँडर्ड मरीन कम्युनिकेशन फ्रेजेस’, थोडक्यात ‘एसएमसीपी’, म्हणतात.

मराठी शाळेतले मूल इंग्रजीतले पहिले वाक्य शिकते ते बहुधा ‘मे आय कम इन, सर?’ हे. एसएमसीपीला नेमका हाच ‘मे’ नको आहे. ‘मे’ म्हणजे परवानगी की शक्यता? वर्गाच्या दारात याने काही बिघडत नाही. पण बंदराच्या अरुंद वाटेत शिरणाऱ्या जहाजाला कुणी ‘यू मे एंटर’ म्हटले, तर ते ‘शिरा’ आहे की ‘शिरालही कदाचित’? म्हणून परवानगी हवी असेल तर ‘परमिशन’ हा शब्द वापरूनच विचारायचे आणि तो वापरूनच द्यायची. ‘माइट’, ‘शुड’, ‘कुड’, ‘कॅन’ यांनाही हाच नियम. वाक्याआधी ते काय आहे हेही सांगता येते : क्वेश्चन, आन्सर, वॉर्निंग, अॅडव्हाइस, इन्स्ट्रक्शन, इन्टेन्शन. म्हणजे सल्ला आणि आज्ञा यांची गल्लत होत नाही.

समानार्थी शब्द टाळायचे, ‘डोन्ट’सारखी जोडरूपे टाळायची, आणि ‘ए’, ‘अॅन’, ‘द’ ही उपपदे बरेचदा गाळायची, हेही त्यात आहे. मराठीत उपपदे नाहीत, त्यामुळे आपल्या मुलांचे गुण या प्रश्नात जातात. प्रवेशाच्या परीक्षेत जी गोष्ट घोकावी लागते तीच जहाजावर बिनदिक्कत वगळली जाते, ही गंमत आहे खरी.

एक शालेय सवय मात्र उपयोगी पडते : ‘पूर्ण वाक्यात उत्तरे लिहा’. एसएमसीपीतही ‘यस’ किंवा ‘नो’वर थांबायचे नसते, पुढे पूर्ण वाक्य सांगायचे असते. याचे महत्त्व मराठी माणसाला लवकर पटावे. ‘नांगर टाकला नाहीस का?’ या प्रश्नाला आपण ‘हो, नाही टाकला’ म्हणतो. इंग्रजीत तिथे ‘नो’ येते. नुसते ‘यस’ म्हणून थांबणारा मराठी खलाशी टाकला नसलेला नांगर टाकला असल्याचे सांगून बसेल.

रेवस ‘व्ही’चे की ‘डब्ल्यू’चे?

रेवसचे इंग्रजी स्पेलिंग कुठे ‘व्ही’ने तर कुठे ‘डब्ल्यू’ने केलेले दिसते. मराठीला दोन्हीसाठी एकच ‘व’ पुरतो. जहाजावर पुरत नाही. तिथे नावे अक्षर-अक्षर सांगतात आणि प्रत्येक अक्षराला ठरावीक शब्द असतो : रोमिओ, एको, मग व्हिक्टर की व्हिस्की, हे ठरवावेच लागते, पुढे अल्फा, सिएरा. रेडिओच्या खरखरीत ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ ऐकू येण्यात फसवू शकतात, हे दोन शब्द फसवत नाहीत.

आकड्यांचे प्रकरण याहून नाजूक. मराठी ‘पंचवीस’मध्ये पाच आधी आणि वीस नंतर; ‘एकोणतीस’मध्ये तर वजाबाकीच आहे. मराठीत विचार करून इंग्रजीत आकडा बोलणाऱ्याची घाईत अदलाबदल होते. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ तर इंग्रजांनाही चकवतात. म्हणून १५० हा आकडा ‘वन-फाइव्ह-झीरो’ असा सुटा बोलायचा. अपवाद सुकाणूच्या कोनाचा : तिथे ‘फिफ्टीन’, ‘ट्वेंटी’ असेच म्हणतात. ‘पोर्ट टेन’ अशी आज्ञा आली की सुकाणूवरचा खलाशी आधी ती जशीच्या तशी उच्चारतो, सुकाणू डावीकडे दहा अंशांवर आले की पुन्हा सांगतो. डाव्या बाजूला पूर्वी ‘लारबोर्ड’ म्हणत. तो शब्द ‘स्टारबोर्ड’सारखा ऐकू येई, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये तो आज्ञेने बाद करून ‘पोर्ट’ ठरवला. गैरसमज होत असेल तर शब्द बदला, हे इंग्रजांनी स्वतःच्या भाषेबाबतही केले आहे.

मग व्याकरणाचा सराव कशाला?

प्रवेशासाठी तो लागतोच. काळ, शब्दयोगी अव्यये, प्रयोग, कर्ता-क्रियापदाचा मेळ हे ४० किंवा ५० टक्क्यांच्या अटीसाठी आणि प्रवेश परीक्षेसाठी टाळता येत नाही. त्यासाठी महागडा वर्ग लागतो असेही नाही. आठवी ते दहावीची पाठ्यपुस्तके आणि जुन्या प्रश्नपत्रिका प्रामाणिकपणे सोडवल्या तरी पुष्कळ होते. अडचण त्यापुढे येते. अनेक जहाज कंपन्या नोकरी देण्यापूर्वी ‘मार्लिन्स’सारखी खलाशांसाठीची संगणकावरची चाचणी मागतात. तिच्यात व्याकरण आणि शब्दसंग्रहाबरोबर ऐकून समजणे, आकडे-वेळा आणि उच्चार यांनाही जागा आहे. मोबाइलवर दिवसाला पन्नास रिकाम्या जागा भरणारा मुलगा पहिल्या दोन भागांत चमकतो आणि ऐकण्यात गडबडतो, कारण त्याने इंग्रजी पाहिलेले असते, ऐकलेले नसते.

शब्दसंग्रहाचेही तसेच. अवघड शब्द पाठ होतात, सोपे शब्द फसवतात. ‘वॉच’ म्हणजे मनगटावरचे घड्याळ नव्हे, चार तासांचा पहारा. ‘ब्रिज’ म्हणजे पूल नव्हे, जिथून जहाज चालवतात ती जागा. ‘होल्ड’ म्हणजे माल ठेवायचा कोठा, ‘नॉट’ म्हणजे गाठ आणि वेगाचे मापही. हे शब्द यादीतून नव्हे, तर वाक्यातून पक्के होतात. दोन मित्रांनी फोनवर एकमेकांना आज्ञा द्यायच्या आणि त्या परत म्हणायच्या, स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकायचा, होकायंत्राचे तीन अंकी आकडे सुटे बोलायचे, घरातल्यांची नावे रोमिओ-एकोत सांगायची. रोजची वीस मिनिटे या कामाला पुरेशी आहेत. ज्याच्या घरात तांडेल आहे त्याला नाळ, वरवा, ओहोटी, नांगराची पकड हे सगळे ठाऊक असते. त्याला फक्त इंग्रजी नाव जोडायचे असते. ज्याने समुद्रच पाहिलेला नाही त्याच्यापेक्षा तो इथे पुढे असतो. हे त्याला सहसा कुणी सांगत नाही.

प्रमाणपत्राचे दुकान

‘इंग्रजीची काळजी नको, प्रमाणपत्र आमच्याकडे लागले’ असे सांगणारे दलाल किनाऱ्यावर नवे नाहीत. प्रशिक्षण संस्थेला डीजी शिपिंगची मान्यता हवी आणि नोकरी लावणाऱ्या कंपनीकडे ‘आरपीएसएल’ परवाना हवा. दोन्हींच्या याद्या महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे नियमाने मना आहे. तरीही जमीन गहाण टाकून, दागिने मोडून पैसे दिले जातात. चाचणी दुसऱ्याने दिली तरी सुकाणूवर उभे राहायचे असते स्वतःलाच, आणि आज्ञा कळली नाही तर पुढचा करार मिळत नाही.

रायगडच्या किनाऱ्यावरील शाळांना यात हात घालायला मोठा निधी लागत नाही. दहावीच्या इंग्रजीत ८० गुण लेखी आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. ऐकणे आणि बोलणे त्या २० गुणांत येते. अनेक ठिकाणी हे गुण न बोलताच दिले जातात. मांडव्याच्या किंवा रेवसच्या वर्गात त्या तासाला एकाने बंदराचा नियंत्रक व्हावे, दुसऱ्याने जहाज, आणि आत येण्याची परवानगी ‘मे’ न वापरता मागावी, एवढे तर इंग्रजीचा शिक्षक स्वतःच्या अधिकारात करू शकतो.