वॅट मोजण्याआधी रक्त मोजा

गेल्या महिन्यात वस्तीतली एक माय माझ्याकडे आली. मुलगा सतरा वर्षांचा, सायकल शर्यतीत उतरतो. म्हणाली, "ताई, पोट्टा म्हणते वॅट मोजणारं पायडल पाहिजे, नाहीतर मी मागंच राहीन. बचत गटातून उचलू का पैसे?" दोन्ही पायांचं माप देणारी जोडी अर्ध्या लाखाच्या पुढे जाते. त्यात अडकणारे बूट वेगळेच.

"आपल्याला कशाला असली चैन?" असं त्या मुलाला कोणी म्हणू नये, हे आधी सांगते. वस्तू कामाची आहे. पायडलच्या दांड्यात ताण ओळखणारे सेन्सर असतात. पाय किती जोरानं दाबतो आणि किती वेगानं फिरतो, यावरून शक्ती वॅटमध्ये दिसते. सायकलचा वेग समोरच्या वाऱ्यानं पडतो. नाडी उन्हानं, अपुऱ्या झोपेनं वाढते आणि चढ लागल्यावर तिला वर यायला वेळ लागतो. वॅटचं तसं नाही, तो लगेच सांगतो. म्हणून सायकलपटू वीस मिनिटं पूर्ण ताकदीनं चालवून सरासरी काढतात. तिचे 95 टक्के म्हणजे साधारण तासभर टिकणारी शक्ती, असं धरून सराव आखतात.

पण सुरुवातीच्या वर्षांत यासाठी कर्ज काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एडी मर्क्सनं 1972 साली मेक्सिको सिटीत एका तासात 49 किलोमीटरहून जास्त अंतर कापलं, तेव्हा त्याच्या सायकलवर असलं माप नव्हतं.

चढावरचे वॅट वहीतही निघतात. सायकलसह वजन 70 किलो, चढाची उंची 150 मीटर, वेळ 12 मिनिटं म्हणजे 720 सेकंद. 70 गुणिले 9.8 गुणिले 150, भागिले 720. उत्तर सुमारे 143 वॅट. तोच चढ 11 मिनिटांत झाला तर 156. वारा आणि टायरचं घर्षण यात धरलेलं नाही, म्हणून चढ उभा निवडावा, सकाळ शांत असावी आणि दर वेळी तोच चढ घ्यावा. दहावीचं विज्ञान एवढं कामी येतं!

मला खरी काळजी दुसरीच आहे. हिमोग्लोबिन कमी असेल तर स्नायूंना प्राणवायू पुरत नाही. मग पायडल कितीही महाग असो, आकडा खालीच राहणार. विदर्भात तर आपल्या अनेक घरांत सिकलसेल आहे. वाहक म्हणजे आजारी नव्हे, त्यानं खेळ सोडायचं कारण नाही. पण वाहक मुलानं कडक उन्हात, पाणी न पिता, जीव तोडून सराव केला तर स्नायू आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, क्वचित जीवही जातो. प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शर्यतीत उतरूच नये. या तपासण्या सरकारी दवाखान्यात होतात. मी त्या मायला विचारलं, मुलाची झाली आहे का? तिला माहीत नव्हतं. पायडलची किंमत मात्र तोंडपाठ होती. दोष तिचा नाही. आपण या गोष्टी लग्न जुळवतानाच काढतो, तेव्हाही दबक्या आवाजात.

पुढे मुलगा राज्य पातळीवर पोचला, आकडे वाचणारा प्रशिक्षक मिळाला, तर पायडल जरूर घ्यावं. पण एका घरानं नव्हे. ते पान्यानं काढून दुसऱ्या सायकलला लावता येतं. क्रँकची लांबी भरून शून्य जुळवलं की झालं. मंडळानं एक जोडी घेतली तर चार-पाच मुलं आळीपाळीनं आपली परीक्षा घेऊ शकतील. बूट तेवढे ज्याचे त्याचे. डीजेच्या भाड्यापुढे हा खर्च मला जड वाटत नाही.

मुलाचं रक्त परवा दिलं आहे, रिपोर्ट यायचा आहे. गटाचा अर्ज मायनं अजून भरलेला नाही.