वाट पाहण्याचं गाणं

मुलांनो, नाताळआधी चार रविवारांचा आगमनकाळ असतो, बरं का! वाट पाहण्याचा काळ. कॅथलिक चर्चमध्ये त्या रविवारी ‘ग्लोरिया’ हे आनंदगीत गात नाहीत. नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवतात. गंमत आहे की नाही?

फ्रान्समधल्या तेझे गावी १९४० साली ब्रदर रॉजर राहायला आले. पुढे तिथे मठ झाला. तिथे एकच छोटी ओळ पुन्हा पुन्हा गातात नि मग कितीतरी मिनिटं सगळे गप्प! गाताना श्वास सावकाश सुटतो, छातीतली धडधडही मंदावते.

ज्यांचे बाबा बोटीवर आहेत, त्यांना वाट पाहणं मी काय शिकवणार? पण आज दिवेलागणीला आवडीची एक ओळ दहादा हळू म्हणा, मग गप्प बसा. आईबाबांनो, तुम्हीही. टीव्ही तेवढा बंद!