गाडी बुटकी, कंबर दुखरी

आरोग्याच्या सदरात पिकअप गाडीच्या पाट्यांविषयी लिहिलेले पाहून काही वाचकांना नवल वाटेल. पण कंबर धरून दवाखान्यात येणाऱ्या तरुणांत हल्ली पिकअप चालवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या काहींनी आपली गाडी हौसेने ‘बसवून’ घेतलेली असते. हा शब्द त्यांचाच. मागचा एखादा पाटा काढायचा, पुढची स्प्रिंग कापायची, रुंद टायर घालायचे, की गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसते. हा शौक मुळात अमेरिकेतला, कॅलिफोर्नियाकडच्या गुळगुळीत रस्त्यांवरचा. तिकडे त्यासाठी खास घडवलेले सुटे भाग मिळतात. आपल्याकडे मोबाइलवर चित्र आले, सुटे भाग आले नाहीत. त्यांची जागा गॅसकटरने घेतली.

हौसेला माझा विरोध नाही. तरुण माणसाने कर्ज काढून गाडी घेतली, तिच्यावर आईचे नाव रंगवले, ती चारचौघांत उठून दिसावी असे त्याला वाटले, यात वावगे काय? प्रश्न त्या गाडीत कोण बसते याचा आहे. गेल्या पावसाळ्यात साठीच्या एका मावशींना त्यांच्या पुतण्याने उचलूनच आणले. टोमॅटोच्या खुडणीवरून बायका परतत होत्या. मावशी हौद्यात मागच्या चाकाच्या उंचवट्यावर बसलेल्या. गतिरोधक आला, गाडी आपटली आणि पाठीत काडकन आवाज झाला. फोटो काढला तर कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने चेपलेला. हाडे आधीच ठिसूळ झालेली होती हे खरे. पण तो मणका काही स्वयंपाकघरात मोडला नाही. गाडी पुतण्याचीच होती आणि दोनच महिन्यांपूर्वी बसवलेली होती. “डॉक्टर, गाडी तर अगदी हळू होती,” असे तो पुनःपुन्हा सांगत होता, आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे.

हळू चालवूनही असे का होते, ते समजून घेऊ.

चाकाला खालीवर व्हायला काही इंच मोकळी जागा ठेवलेली असते. खड्डा आला की आस वर येते, पाटा दबतो आणि धक्का बराचसा तिथेच जिरतो. ही जागा संपते तिथे रबरी ठोकळा असतो. आस त्याच्यावर आदळली की पाट्याचे काम थांबते आणि उरलेला सगळा धक्का चेसिसमधून सीटमध्ये आणि सीटमधून माकडहाडात जातो. गाडी दोन इंच खाली बसवली, म्हणजे नेमके या मोकळ्या जागेतले दोन इंच खर्च झाले. शिवाय स्प्रिंग कापून आखूड केली की ती पूर्वीपेक्षा कडक होते, कारण तेच वजन आता कमी वेढ्यांवर येते. पाटा काढला तर उलट मऊपणा येतो. रिकाम्या गाडीत तो सुखाचा वाटतो, पण माल भरला की आस ठोकळ्याला भिडते आणि उरलेल्या पाट्यांवर जास्तीचा ताण येऊन एखाद्या दिवशी तेही तुटतात.

आता शरीराकडे वळू. माणूस चालतो तेव्हा त्याचे धड सेकंदाला साधारण दोन वेळा खालीवर होते. जन्मभराच्या सवयीने शरीर ही लय सोसते. गाडीच्या वजनाने स्प्रिंग सव्वासहा सेंटिमीटर दबत असेल, तर गाडी सेकंदाला दोन हेलकावे घेते. पंचवीस सेंटिमीटर दबत असेल, तर एकच. म्हणून मऊ आणि लांब दबणाऱ्या स्प्रिंगची गाडी पाळण्यासारखी वाटते. आपल्या पाठीचा कणा मात्र सेकंदाला ४ ते ८ हादऱ्यांच्या पट्ट्यात सर्वांत हळवा असतो. झोपाळ्याला योग्य वेळी बोटाने ढकलले तरी तो उंच जातो. तसे या वेगाने येणारे हादरे कण्यात मोठे होतात. कडक केलेली गाडी आणि दबून गेलेला सीटचा फोम हे दोघे मिळून नेमके असेच हादरे पाठीला पुरवतात.

त्यातही एकसारख्या थरथरीपेक्षा सुटा जोरदार दणका जास्त घातक. शास्त्रज्ञ हादऱ्यांची मात्रा मोजताना त्यांच्या जोराचा चौथा घात धरतात. साध्या भाषेत, दुप्पट जोराच्या हादऱ्यांचे एक मिनिट म्हणजे साध्या हादऱ्यांची सोळा मिनिटे. दिवसभरातले सात-आठ गतिरोधक ठोकळ्यावर आदळले, तर बाकीचा रस्ता कितीही चांगला असून उपयोग नाही. आपले गतिरोधक कसे असतात हे तुम्ही जाणताच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्यातला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि चांगला ३.७ मीटर रुंद असतो. आपल्याकडे रातोरात उगवणारा गतिरोधक उंचीला त्याच्याहून चढ आणि रुंदीला पाटावरवंट्याएवढा.

गाडी खाली घेण्याचे एक समर्थन मात्र मला विचार करण्याजोगे वाटले. टोमॅटो वाहणारा एक शहाणा मुलगा म्हणाला, “डॉक्टर, हौसेसाठी नाही, क्रेट चढवताना कंबर जाते म्हणून हौदा खाली घेतला.” २० किलोचे दीडशे-दोनशे क्रेट रोज उचलणाऱ्याचे हे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. पण हिशेब करून पाहू. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९१ साली ओझे उचलण्याचे एक सूत्र सुधारून दिले. त्यात सर्वांत सोयीची उंची ७५ सेंटिमीटर धरली आहे आणि तिथपासून दर सेंटिमीटर फरकाला उचलण्याची सुरक्षित मर्यादा हजारी तीनने घटते. म्हणजे हौदा तीन इंच खाली घेतल्याने जो फायदा झाला तो शेकडा दोन-अडीच. त्याच सूत्रात क्रेट अंगापासून किती लांब धरला हेही मोजतात. २५ सेंटिमीटरवर धरलेला क्रेट ५० सेंटिमीटरवर नेला, की सुरक्षित वजन थेट निम्मे होते. तेव्हा फाळका पूर्ण उघडायचा, हौद्यात एक माणूस उभा करायचा, खालच्याने क्रेट पोटाशी धरून नुसता काठावर टेकवायचा आणि वळताना कंबर न पिळता पाय वळवायचे. याला पैसा लागत नाही आणि गाडीही कापावी लागत नाही. दुधाचा ४० लिटरचा कॅन एकट्याने कधीच उचलू नये, हौदा कितीही खाली असला तरी.

एवढे सांगूनही गाडी खाली घ्यायचीच असेल, तर निदान कशी घ्यावी? मी मेकॅनिक नव्हे. पण या निमित्ताने एका जुन्या पाटेवाल्याशी तासभर बोललो आणि शरीरशास्त्राच्या बाजूने त्याचे म्हणणे मला पटले. पाटा गॅसने तापवून सरळ करू नये. त्याला दिलेले पाणी उतरते आणि तो लवकर मोडतो. थंड स्थितीत ठोकून कमान थोडी कमी करता येते. इंच-दीड इंचाच्या पुढे जाऊ नये. आखूड झालेल्या जागेला जुळणारे शॉकअप घालावेत. जुने तसेच ठेवले तर ते तळाशी आपटतात. पूर्ण माल भरून आस आणि रबरी ठोकळा यांत किती अंतर उरते ते मोजावे, रिकाम्या गाडीत नव्हे. काही गाड्यांना पुढच्या बाजूला टॉर्शन बार असतो. तो सैल करून गाडी खाली येते आणि त्याचा कडकपणाही बदलत नाही, पण मोकळी जागा इथेही खर्च होतेच. अमेरिकेत याच कारणासाठी चाकाचा आधारच वेगळ्या घडणीचा बसवतात, म्हणजे स्प्रिंग आणि मोकळी जागा शाबूत राहते. मागे आसेला जागा मिळावी म्हणून चेसिसला खाच पाडून ती पुन्हा पोलादाने मजबूत करतात. माल वाहणाऱ्या गाडीचे चेसिस आपल्या नाक्यावर कोणी कापायला निघाला, तर हात जोडून घरी यावे.

ब्रेकची एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. पुष्कळ पिकअपमध्ये मागच्या आसेला जोडलेली एक कळ असते. गाडी माल भरून खाली दबली की ती मागच्या ब्रेकला जास्त जोर देते. गाडी कायमची खाली बसवली, की ती कळ रिकाम्या गाडीलाही भरलेलीच समजते. मग ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की मागची चाके जाम होऊन गाडी आडवी फिरते. ही कळ पुन्हा जुळवून घ्यावी लागते, हेडलाइटही.

कायदा तर स्पष्टच आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने उत्पादकाच्या मूळ रचनेत फेरफार करायला मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. आधी परिवहन कार्यालयात विचारावे, मग पाना हातात घ्यावा.

उलट्या टोकाचे लोक संख्येने जास्त आहेत, हेही सांगायला हवे. जास्त माल लादता यावा म्हणून ते पाटे वाढवतात. गाडी भरलेली असते तेव्हा ठीक. पण बाजारात माल उतरला की परतीचे साठ-सत्तर किलोमीटर ती रिकामी, दगडासारखी कडक गाडी चालकाच्या मणक्यांना कांडत येते. पिंपळगावहून पहाटे परतणाऱ्यांना विचारा. जाताना नव्हे, येताना कंबर दुखते असे ते सांगतील.

माझ्या मते गाडीवर खर्च करायचाच तर क्रम असा असावा: आधी झिजलेले शॉकअप आणि बुश, मग टायरमधली हवा मालाच्या मानाने, मग चालकाच्या सीटचा फोम. दबलेल्या फोमवर उशी ठेवून भागत नाही. पाठ टेकेल आणि क्लच दाबताना कंबर उचलावी लागणार नाही, इतकी सीट पुढे घ्यावी. दर दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालावे, आणि लांबून आल्या आल्या क्रेट उतरवायला धावू नये. बराच वेळ बसून हादरे खाल्लेला कणा त्या वेळी ओझ्याला तयार नसतो. हौद्यात माणसे बसवणे मुळातच बेकायदा आहे. तरीही खुडणीच्या दिवसांत ते घडते, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही. निदान म्हाताऱ्या बायका आणि गरोदर बायका यांना पुढे चालकाशेजारी बसवा. मागच्या आसेच्या वर किंवा तिच्या मागे बसणाऱ्याला सर्वांत जास्त दणका बसतो.

कंबर दुखते म्हणून घाबरायचे कारण नाही. बहुतेकांची काही आठवड्यांत सुधारते, आणि अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षा हिंडतेफिरते राहिलेलेच बरे. पण पायाचा पंजा उचलेनासा झाला, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बैठकीच्या जागी बधिरता आली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर माझ्याकडेही येण्यात वेळ घालवू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मणक्याची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात जा, आणि बसवलेल्या पिकअपमधून जाऊ नका.