गोंगाट माणसांचा नव्हे, मांडणीचा

तहसील कचेरीतल्या गोंगाटाचा विषय निघाला की दोष बहुतेक वेळा लोकांच्या माथी मारला जातो. आपल्या माणसांना रांगेची सवय नाही, हळू बोलणं ठाऊक नाही, असं कर्मचारी म्हणतात आणि रांगेत उभी असलेली माणसंही म्हणतात. मग भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी लागते आणि गोंगाट तिच्याखालीच चालू राहतो. धाराशिव जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या कचेरीत आठवडी बाजाराच्या दिवशी जे ऐकू येतं, ते लोकांच्या स्वभावातून येत नाही, कामाच्या मांडणीतून येतं. आवाज चढवल्याशिवाय आपला कागद पुढे सरकणार नाही अशी जिथे खात्री असते, तिथे शांत माणूसही आवाज चढवतो. म्हणून या गोंगाटावरचा उपाय पाटीवर किंवा कर्मचाऱ्यांच्या सहनशक्तीवर सोडून भागणार नाही. तो प्रशासनाने कामाच्या आखणीतच करायला हवा.

आधी गर्दी कुठून येते ते पाहू. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या वर होती. शेती बव्हंशी कोरडवाहू, त्यामुळे अनुदान, पीक विमा, पीककर्ज, सातबारा आणि फेरफार यांच्याशी जवळपास प्रत्येक घराचा संबंध येतो. जूनमध्ये पेरणी आणि शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश एकत्र येतात. एकीकडे कर्जासाठी उतारे लागतात, दुसरीकडे उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले. त्यात अचानक लाटा येतात. २०२३मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. २०२४च्या जुलैत लाडकी बहीण योजनेच्या अर्जांसाठी सेतू केंद्रांवर रांगा लागल्या. २०२५च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने परंडा, भूम परिसराची दैना केली आणि त्यापाठोपाठ पंचनामे, याद्या आणि केवायसीची कामं आली. यातलं कोणतंच काम हौसेचं नाही. माणूस एका दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचं भाडं खर्चून आलेला असतो आणि शेवटची गाडी निघण्याआधी काम होईल की नाही याची धास्ती त्याच्या आवाजात उतरते.

खोलीत शिरल्यावर ही धास्ती वाढते कशी, याचं उत्तर शास्त्राकडे शंभराहून अधिक वर्षं आहे. फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार यांनी १९११मध्ये नोंदवलं की भोवतीचा आवाज वाढला की माणूस नकळत आपला आवाज वाढवतो. ठरवून तो तसं करत नाही, त्याला ते आवरणंही कठीण जातं. खिडकीशी एकाच वेळी दहा जण बोलू लागले, की प्रत्येक जण उरलेल्या नऊ जणांच्या वर बोलू पाहतो आणि त्या नऊ जणांनाही वर चढावं लागतं. त्यात आपल्या कचेऱ्यांची बांधणी भर घालते. गुळगुळीत फरशी, सिमेंटचा स्लॅब, पत्र्याची कपाटं आणि काचेच्या खिडक्या आवाज शोषत नाहीत, उलट परतवतात. एक वाक्य संपण्याआधी त्याचे पडसाद पुढच्या वाक्यात मिसळतात. अशा खोलीत ‘हळू बोला’ असं दरडावणं म्हणजे त्याच गोंगाटात आणखी एका आवाजाची भर.

‘सवय होते’ हा यावरचा सर्वांत जुना युक्तिवाद आहे. तो तपासून पाहिला गेला आहे. कॉर्नेल विद्यापीठाचे गॅरी इव्हान्स आणि डॅना जॉन्सन यांनी २०००मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कारकुनी काम करणाऱ्या चाळीस महिलांचा सहभाग होता. त्यांतल्या काहींनी तीन तास मोकळ्या कार्यालयात असतो तसा कमी तीव्रतेचा आवाज ऐकत काम केलं, तर काहींनी शांततेत. टंकलेखनात फरक पडला नाही. गोंगाटातल्या महिलांच्या शरीरात मात्र ताणाशी निगडित अॅड्रेनलिनचं प्रमाण वाढलेलं आढळलं आणि नंतर दिलेलं अवघड कोडं त्यांनी लवकर सोडून दिलं. म्हणजे वरून काम नीट चाललेलं दिसतं, पण चिकाटी आतून झिजत असते. त्याआधी १९७६मध्ये कोल आणि वेल्श या संशोधकांनी दाखवलं होतं, की लक्षात ठेवायच्या अक्षरांचा क्रम कानावर पडणाऱ्या बोलण्याने बिघडतो, मग ते बोलणं न कळणाऱ्या भाषेतलं का असेना. गट क्रमांक, हेक्टर-आर, खाते क्रमांक, आधारचे अंक हे सगळं क्रमाचंच काम आहे. सातबाऱ्यातली लेखनचूक दुरुस्त करण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १५५ आहे, म्हणजे अशा चुका होतात हे कायद्याने गृहीतच धरलं आहे. प्रत्येक चुकीमागे गोंगाट असतो असं नाही. पण जी चूक निस्तरायला शेतकऱ्याला पुन्हा अर्ज आणि पुन्हा खेटे घालावे लागतात, ती टाळण्यासाठी नोंद करणाऱ्याला निवांत टेबल देणं हे चैनीत मोडत नाही.

नागरिकाचं नुकसान तर याहून मोठं आहे. संजय गांधी निराधार योजनेसाठी आलेल्या विधवेला, अपंगाला, दुर्धर आजाराच्या रुग्णाला आपली अडचण खिडकीशी ओरडून सांगावी लागते आणि ती साऱ्या खोलीला कळते. कमी ऐकू येणाऱ्या वृद्धाला कलकलाटात ‘झेरॉक्स जोडा’ एवढं वाक्यही कळत नाही. ते न कळल्याने तो परत जातो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. शिवाय तहसीलदार काही वेळ न्यायासनावरही असतात. शेतरस्ता अडवल्याचे दावे ते मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६नुसार ऐकतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या बांधाचा वाद जिथे मिटायचा, तिथे वादी-प्रतिवादींचं बोलणं नीट ऐकू येणं ही न्यायाची पहिली अट आहे.

तरीही हा गोंगाट कोणत्याच नियमात बसत नाही. २०००चे ध्वनिप्रदूषण नियम बाहेरच्या ध्वनिक्षेपकांकडे आणि भोंग्यांकडे पाहतात, खोलीच्या आत शिरत नाहीत. कारखान्यांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा धरतात, पण ती बहिरेपण टाळण्यासाठी आहे. कचेरीतला आवाज त्या पातळीला पोहोचत नाही, म्हणून तो कुणाच्याच जबाबदारीचा राहत नाही.

उपाय मात्र हाताशी आहेत. रांगेतल्या प्रत्येकाला क्रमांकाची चिठ्ठी द्यावी आणि चालू क्रमांक फळ्यावर दिसावा. मग आपला नंबर हुकेल या भीतीने खिडकीला चिकटून राहावं लागणार नाही. दारातच एक जाणकार कर्मचारी बसवून कागद तपासावेत. ‘हे जोडलं का, ते आणलं का’ ही निम्मी झटापट तिथेच संपेल. लोकांशी बोलायचं काम आणि नोंदींचं काम वेगळ्या खोल्यांत ठेवून कर्मचाऱ्यांची पाळीपाळीने अदलाबदल करावी. निराधार योजनेच्या अर्जदारांशी आडोशाला बसून बोलावं. सुनावणीच्या वेळी त्या दालनालगतची खिडकी दुसरीकडे हलवावी. गर्दी शिस्तीत हलवणं या जिल्ह्याला नवं नाही. नवरात्रात तुळजापूरला लाखो भाविक येतात आणि रांगेने दर्शन घेऊन जातात, कारण आपली पाळी येणार याची तिथे खात्री असते. तीच खात्री दाखल्याच्या खिडकीवरही देता येते.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला पैशांचा. चिठ्ठ्या, फळा आणि टेबलांची फेरमांडणी यांना मोठा निधी लागत नाही, निर्णय लागतो. दुसरा असा, की सगळं ऑनलाइन झाल्यावर गर्दी आपोआप ओसरेल. काही कामांची ओसरली आहे आणि ते स्वागतार्हच आहे. पण ज्याला अर्ज स्वतः भरता येत नाही तो सेतू केंद्रात जातो आणि गर्दी तिथे उभी राहते. फेटाळलेला ऑनलाइन अर्ज हातात घेऊन तो शेवटी कचेरीतच येतो. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. शांततेच्या नावाखाली दारं बंद होतील, साहेब आणखी दूर जातील, सामान्य माणसाचा आवाजच दाबला जाईल. ही भीती निराधार नाही. म्हणूनच शांततेची सुरुवात नागरिकाला बाहेर ठेवण्यापासून होता कामा नये. ती त्याला आत, खुर्चीवर, क्रमांकासह बसवण्यापासून व्हावी. कामाच्या वेळेत खिडकी बंद ठेवून मिळवलेली शांतता नाकारलीच पाहिजे. कचेरीसमोरचं उपोषण किंवा मोर्चा हाही या चर्चेचा भाग नाही. तो लोकांनी ठरवून उठवलेला आवाज आहे आणि तो उठवण्याचा त्यांना हक्क आहे. इथे प्रश्न आहे तो नाइलाजाने चढवाव्या लागणाऱ्या आवाजाचा.

राज्य सरकारने २०२५च्या सुरुवातीला शंभर दिवसांची कार्यालयीन सुधारणांची मोहीम राबवली. तिच्यात स्वच्छता, तक्रार निवारण आणि कार्यालयातील सोयीसुविधा मोजल्या गेल्या. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवा किती दिवसांत मिळावी हे ठरवून दिलं आहे. या दोन्हींच्या जोडीला आता एक साधी कसोटी हवी: खिडकीशी आलेल्या माणसाला आपलं म्हणणं नेहमीच्या आवाजात, एकदाच सांगून काम करून घेता येतं का? जिल्हाधिकाऱ्यांनी आठही तहसील कचेऱ्यांच्या वार्षिक तपासणीत हा प्रश्न घालावा, रांगेतल्या लोकांनाच तो विचारावा आणि जिथे उत्तर ‘नाही’ असेल तिथे पुढच्या जूनची गर्दी सुरू होण्याआधी मांडणी बदलून घ्यावी.