पेठेने पोसलेला संघ

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातलं पोर्टलंड हे लाकडाच्या धंद्यावर वाढलेलं शहर. १९७५ साली तिथे ‘टिंबर्स’ हा व्यावसायिक फुटबॉल संघ निघाला. १९८२ मध्ये तो बंद पडला, पण शहराने नाव मरू दिलं नाही. २००१ मध्ये संघ पुन्हा उभा राहिला आणि २०११ मध्ये देशाच्या अव्वल लीगमध्ये पोहोचला. आजही घरच्या मैदानावर गोल झाला की ओंडक्याची चकती कापतात आणि सामन्यानंतर ती गोल करणाऱ्याच्या हाती देतात. आपल्याकडे मात्र २०१४ मध्ये मोठ्या भांडवलावर आलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला. त्याउलट कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे संघ पिढ्यानपिढ्या शाहू स्टेडियम दणाणून सोडतात, कारण त्यांना पेठांनी पोसलंय. पेठेने पोसलेला असा संघ उभा करणं नाशिकलाही नक्की जमेल. जुन्या नाशकातली मंडळी पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जमिनीतले हौद, रंगपंचमीला आजही हौसेने उघडतात, प्रत्येक रहाडीचा मान जपतात. तीच आपुलकी फुटबॉलच्या मैदानाकडे वळली पाहिजे: आधी पेठांचे संघ, मग त्यांची शहर लीग आणि प्रायोजक सगळ्यात शेवटी. पैसा आटला तरी असा संघ टिकतो, कारण त्याला माणसं सोडून जात नाहीत.