90 दिवसांचा दाखला

1 ऑगस्ट 2023 च्या पहाटेपूर्वीच्या अंधारात, शहापूर तालुक्यातल्या सरलांबे गावाजवळ, समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं अवजड यंत्र कोसळलं. 20 माणसं चिरडून मेली. उत्तर प्रदेश, बिहार, बंगालपासून तमिळनाडूपर्यंतच्या घरांत त्या सकाळी फोन गेले. राज्य सरकारने वारसांना 5 लाख जाहीर केले, पंतप्रधानांच्या निधीतून 2 लाख. उपकंत्राटदारांवर गुन्हा नोंदला गेला. जून 2025 मध्ये इगतपुरी ते आमणे हा महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि 701 किलोमीटरचा प्रवास आठ तासांत होणार म्हणून आपण सगळे हरखलो. त्या यंत्रावर आणि यंत्राखाली उभ्या असलेल्यांना धोका ओळखायला कोणी शिकवलं होतं का, शिकवणाऱ्याची परीक्षा कोणी घेतली होती का, हा प्रश्न मात्र समाज म्हणून आपण लावून धरला नाही. मदत जाहीर झाली की हिशेब मिटला, अशी आपली समजूत आहे, आणि ही समजूत निर्दय आहे.

मोठ्या यंत्राची निदान बातमी तरी होते. आपल्या जिल्हा मार्गांवर रोज काय चालतं ते पाहा. मराठवाड्यातून, यवतमाळच्या तांड्यांवरून, मेळघाटातून मुकादमाची उचल घेऊन आलेली कुटुंबं रस्त्याच्या कडेला पालं ठोकून राहतात. दीडशे अंशांच्या आसपास तापलेल्या डांबर-खडीशेजारी बाई झिजलेल्या चपलेत फावडं घेऊन उभी असते. तिचं मूल दुभाजकाजवळ साडीच्या झोळीत असतं. टोळीतल्या सगळ्यांत कोवळ्या पोराच्या हातात लाल झेंडी देऊन त्याला भरधाव वाहनांसमोर उभं करतात, कारण त्याच्याकडून जड काम होत नाही. अंधारात ती झेंडी ड्रायव्हरला किती लांबून दिसते, भरलेला ट्रक थांबायला किती अंतर घेतो, तो थांबलाच नाही तर आपण कोणत्या बाजूला पळायचं, हे त्या पोराला कोणीही सांगितलेलं नसतं. भारतीय रस्ते काँग्रेसने काम चालू असलेल्या रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी सविस्तर पुस्तिका काढली आहे, एसपी 55 या क्रमांकाची. फलक कुठे, अडथळे कसे, झेंडीवाल्याने काय करायचं, हे सगळं तिच्यात आहे. ती इंग्रजीत आहे. झेंडीवाल्यापर्यंत ती कशी पोचावी?

त्याच कामावर ओतलेल्या काँक्रीटचे ठोकळे काढून ठेवतात, सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी ते दाबून फोडतात आणि ताकदीचा अहवाल लिहितात. डांबर तपासतात, खडी चाळून पाहतात, मुरमाच्या थराची दबाई मोजतात. अहवाल नसेल तर कंत्राटदाराचं बिल अडतं. त्या रस्त्यावर गाडी चालवायची तर तुम्हाआम्हाला परवाना लागतो, आधी शिकाऊ, मग पक्का. म्हणजे सामान तपासायचं आपल्याला कळतं, वाहनचालकाची परीक्षा घ्यायचंही कळतं. रस्ता करणाऱ्या माणसाजवळ येऊन ही सगळी काळजी संपते. हे अज्ञानातून घडत नाही. वडार, लमाण, आदिवासी, परप्रांतातला भूमिहीन: ज्यांच्या जिवाची किंमत आपण पिढ्यानपिढ्या कमी धरत आलो, तेच आज डांबराच्या पिंपाजवळ उभे आहेत.

या मजुराला एकच दाखला मिळतो. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव नोंदवायचं तर वर्षात 90 दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी तो मजुरी बुडवून ठेकेदाराच्या आणि ग्रामपंचायतीच्या दारात खेटे घालतो. तो राबला एवढंच त्या कागदावर लिहिलेलं असतं. त्याला काही शिकवलं होतं का, याची त्यात एक ओळही नसते. सुरक्षा अधिकारी नेमण्याचं बंधनही मजुरांच्या डोक्यांवरून ठरतं: आधी पाचशे, 2020 च्या कामगार-सुरक्षा संहितेत अडीचशे. चाळीस जणांची टोळी गावचा रस्ता करते तिथे हा अधिकारी कधीच येणार नाही. ट्रकखाली सापडायला अडीचशे माणसं लागत नाहीत.

जोतीराव फुले स्वतः कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणासारख्या कामांना त्यांनी माल पुरवला आणि बांधकाम खात्यातल्या लुटीवर, राबणाऱ्यांच्या हालांवर लेखणी चालवली. त्यांचा फोटो भिंतीवर लावून कामावर हेल्मेटसुद्धा न पुरवणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराने आणि त्याच्याकडे डोळेझाक करणाऱ्या प्रत्येक अभियंत्याने आधी त्या फोटोला उत्तर द्यावं.

रस्त्याच्या कामावरच्या प्रत्येकाने सुरक्षेची परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं, ही मागणी करताना एक भीती मनात आहे आणि ती खरी आहे. परीक्षा फक्त मजुराचीच घेतली तर उद्या अपघात झाल्यावर त्याचंच प्रमाणपत्र त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे येईल: याला शिकवलं होतं, चूक याचीच. म्हणून सुरुवात वरून झाली पाहिजे. अमेरिकेत 2016 पासून रस्ते-वाहतूक बांधकामासाठी सुरक्षेची एक ऐच्छिक परीक्षा आहे, आणि ती आराखडा काढणाऱ्यापासून मुकादमापर्यंत सगळ्यांसाठी आहे. आपल्याकडे ती ऐच्छिक ठेवून चालणार नाही. आधी कार्यकारी अभियंता, मग ठेकेदार, मग मुकादम आणि यंत्रचालक यांनी ती द्यावी. ज्या कामावर असे प्रमाणित लोक नाहीत, त्याचं बिल निघू नये. मजुराची परीक्षा तोंडी असावी, गोरमाटीत, कोरकूत, भोजपुरीत, बंगालीत. शिकण्याच्या दिवसाची पूर्ण मजुरी त्याच्या हातात पडावी, कारण रोजावर चूल पेटणाऱ्या बाईला फुकट शिबिराला बोलावणं हाही जुलूमच आहे.

खर्च कोण करणार, असं विचारतील. बांधकाम खर्चावर 1 टक्का उपकर याच कामगारांच्या नावाने वसूल होतो. त्यातले हजारो कोटी रुपये ठिकठिकाणच्या मंडळांकडे पडून राहिले, म्हणून मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारांना कडक शब्दांत सुनावलं. तो पैसा मजुरांचाच आहे. त्यातून प्रत्येक तालुक्यात हे प्रशिक्षण उभं राहू शकतं, आणि त्यासाठी कोणावर नवा कर बसवावा लागणार नाही.