पाइप बोंबलायलाय

मागच्या शनिवारी सकाळी देवगिरीने सेलूला उतरलो. दिवस गप्पांत गेला. रात्री साडेबाराला उठलो, फ्लश केला, परत येऊन आडवा झालो आणि मिनिटभरात भिंतीतून भोंगा सुरू झाला! आधी बारीक, मग चढत चढत मोठा, मग खटकन बंद.

सकाळी आईला विचारलं.

"काही नाही रे, पाइप बोंबलायलाय. सवय झाली आता."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

दिवाळीत मी तिथे प्रेशर पंप बसवून घेतला होता. पैसे माझे, हौसही माझी. गच्चीवरची टाकी नळापेक्षा जेमतेम चार मीटर उंच. दहा मीटरला साधारण एक बार दाब, म्हणजे आमच्या नळाला मिळणार 0.4 बार. ठाण्याच्या फ्लॅटमधल्या शॉवरला सोकावलेल्या माणसाला ते कसं चालणार? पंप आला, दाब दीड-दोन बारवर गेला, शॉवर झकास झाला आणि चौथ्या दिवशी मी परत गेलो. शुक्रवारी संध्याकाळी कोड प्रॉडक्शनला टाकायचा आणि फोन बंद करून झोपायचं, तसला हा प्रकार. :-)

मधे अण्णांनी एका प्लंबरला बोलावलं होतं. तो म्हणाला, जुनी लाइन आहे, सगळी बदलून टाका. आपल्याकडेही असे लोक असतात. बग सापडला नाही की पूर्ण सिस्टिम नव्याने लिहू म्हणतात.

मी आपला नेहमीचा उद्योग केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पंप बंद केला (बायपास लाइन आहे, त्यामुळे टाकीचं पाणी येतच राहतं) आणि फ्लश केला. आवाज नाही. पंप चालू केला. भोंगा! मग भोंगा वाजत असतानाच फ्लशच्या टाकीचं झाकण काढून बॉलकॉकची दांडी बोटाने वर धरली. आवाज बंद. म्हणजे पाइप बिचारा निर्दोष होता.

होतं असं. टाकी भरत आली की तरंगणारा गोळा वर येतो आणि बॉलकॉकचं भोक हळूहळू बंद होतं. शेवटच्या अरुंद फटीतून पाणी जोरात घुसतं. वॉशर झिजलेला असेल तर तो फडफडतो, गोळाही लाटांवर नाचतो. झडप सेकंदाला कितीतरी वेळा उघडझाप करते आणि प्रत्येक वेळी दाबाचा एक धक्का पाइपमध्ये मागे जातो. पाइप भिंतीला सैल असेल तर भिंतीचाच ढोल होतो.

भोंग्याऐवजी एकच 'ठक्' ऐकू येत असेल तर ती वेगळी गोष्ट. वाहतं पाणी एकदम अडवलं की तसं होतं. 1897-98 मध्ये मॉस्कोत झुकोव्स्कीने यावर प्रयोग करून सूत्रच मांडलं. सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारं पाणी लोखंडी पाइपात झटक्यात थांबवलं, तर दाब साधारण 12 बारने उसळतो. म्हणजे 120 मीटर उंच टाकीइतका. सांधे गळायला लागतात ते उगाच नाही.

असो. दुकानातून जास्त दाबाला चालणारा नवा बॉलकॉक आणला, अँगल कॉक थोडा आवळला, पाइपला दोन क्लॅम्प मारले. तासाभराचं काम.

खरी गोष्ट नंतर कळली. हात धुताना सहज विचारलं, "अण्णा, रात्री तुमची झोपमोड होत नव्हती का?" तर म्हणाले, "मी रात्री फ्लश करतच नाही. बादली ओततो. तुझी आई जागी होते ना."

अण्णांचे गुडघे गेलेत. कमोड त्यासाठीच बसवला. आणि हा माणूस दिवाळीपासून रोज रात्री, ओल्या फरशीवर, अंधारात भरलेली बादली उचलत होता. एकदा जरी पाय घसरला असता तर? शिवाय फ्लशला सहा लिटर लागतात आणि बादलीला पंधरा. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या आपल्या मराठवाड्यात!

"मग पंप तरी बंद ठेवायचा!"

"तू हौसेनं बसवलास, बंद कशाला करायचा?"

यावर काय बोलणार...

तर सांगायचा मुद्दा असा. आपण शहरात राहणारी मंडळी वर्षातून दोनदा गावी जातो, घरात काहीतरी 'सुधारणा' करतो आणि निघून येतो. त्या सुधारणेबरोबर नांदायचं असतं आईबाबांना. ते तक्रार करत नाहीत, जुळवून घेतात. फोनवर आपण विचारतो "सगळं ठीक ना?" आणि ते म्हणतात "हो." मला वाटतं, "सवय झाली आता" हे वाक्य ऐकलं की तो बग रिपोर्ट समजावा. तोही सगळ्यात वरच्या प्रायॉरिटीचा. नादुरुस्त वस्तूची किंमत कुणीतरी मोजतच असतं, आणि बहुतेक वेळा ते सगळ्यात कमी बोलणारं माणूस असतं.

पुढच्या खेपेला घरी गेलात की मोबाइल बाजूला ठेवा आणि रात्री एकदा फ्लश करून पाच मिनिटं नुसतं ऐका. भोंगा वाजला तर आधी बॉलकॉक बघा. आणि बाथरूममध्ये रात्री भरलेली बादली ठेवलेली दिसली, तर ती कशासाठी आहे हे विचारा.